दळवी मिस्त्रींचा मेटाक्लास

दळवी मिस्त्रींच्या पट्टीवरचा एक फूट आपल्या नेहमीच्या फुटापेक्षा थोडा मोठा होता, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मोरिवलीच्या बाजूला एक ओतकामाचा कारखाना होता, त्यात मी प्रोग्रामर म्हणून नवीनच लागले होते. कॉम्प्युटर विभाग म्हणजे स्टोअरच्या मागची एक खोली, दोन मशीनं, एक एसी, आमचे साहेब केवलानी आणि मी. माझ्या मशीनला टेबल नव्हतं. भिंत आणि कपाट यांच्यामध्ये बरोबर चार फुटांची जागा होती. मी ती ऑफिसच्या टेपनं मोजली, शेजारच्या पॅटर्न शॉपमध्ये गेले, बाकावर पडलेली एक स्टीलची पट्टी उचलली, तिथल्याच एका फळीवर चार फूट मोजून रेघ मारली आणि सुताराला कापायला सांगितली. फळी आली ती अर्धा इंच मोठी. मी सुताराला सगळ्यांसमोर झापलं. तो बिचारा म्हणत होता, रेघेवरच कापलंय. मी म्हटलं, मग भिंत सरकली असेल.

तेवढ्यात चहा संपवून एक बुटके, सडपातळ गृहस्थ आत आले. खाकी शर्ट, कानामागे चपट्या टोकाची पेन्सिल. त्यांनी फळी बघितली, पट्टी बघितली, मग माझ्याकडे बघितलं.

"मॅडम, ही पट्टी तुमच्यासाठी नाय. ही गरम लोखंडासाठी हाय."

वितळलेलं लोखंड साच्यात ओतलं की थंड होताना ते आकसतं. म्हणून ज्या लाकडी नमुन्यावरून वाळूत साचा काढायचा, तो नमुना, म्हणजे पॅटर्न, आधीच तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी हिशेब कोण करत बसणार? म्हणून पॅटर्नवाल्यांच्या पट्टीवरचे इंचच मोठे आखलेले असतात. फुटामागे एक सूत, म्हणजे इंचाचा आठवा भाग. चार फुटांत अर्धा इंच. हे सगळं त्यांनी चार वाक्यांत सांगितलं, फळी बाकावर घेतली, अर्धा इंच उतरवला, कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "आता बसंल." बसली. सुताराची माफी मी मागितली की नाही, ते आठवत नाही. बहुतेक नाही.

दळवी मिस्त्री हे त्या पॅटर्न शॉपचे मुख्य कारागीर. मूळचे संगमेश्वरकडचे, शाळा सातवीपर्यंत. "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. काम संपलं की ते "बसलं" म्हणत, आणि बसलेलं नसेल तर काहीच म्हणत नसत. बघतील त्या वस्तूवरून त्यांचा अंगठा फिरायचा. माझ्या मॉनिटरवरून फिरला, की-बोर्डवरून फिरला, एकदा केवलानी साहेबांच्या नव्या ब्रीफकेसवरूनही फिरला. वस्तूची पोकळ बाजू त्यांना आधी दिसायची. चहाचा कप हातात घेतला की कानाच्या आतली जागा साच्यात कशी येईल, याचा विचार चालू व्हायचा आणि चहा गार व्हायचा. श्रावणात दर सोमवारी ते कारखान्याजवळच्या जुन्या दगडी शिवमंदिरात जात. मी एकदा विचारलं, कोरीव काम काय सुंदर आहे ना? तर म्हणाले, "सुंदर हाय, पण सगळे हात वाळूत अडकतील." देवळातल्या मूर्ती साच्यातून सहीसलामत बाहेर कशा काढाव्यात, याची काळजी करणारा भाविक मी दुसरा पाहिला नाही.

त्यांच्याकडे तीन पट्ट्या होत्या. एक लोखंडाच्या मालासाठी, एक पितळेच्या. तिसरी त्यांनी स्वतः आखली होती, तिला ते मास्टरची पट्टी म्हणत. काही पॅटर्नवर साचे इतके काढावे लागत की लाकूड टिकत नसे, म्हणून तो पॅटर्नच ॲल्युमिनियमचा ओतून घेत. आता तो ॲल्युमिनियमचा पॅटर्न ओतायला आधी एक लाकडी पॅटर्न हवा. तो मास्टर. म्हणजे मास्टरवरून पॅटर्न आणि पॅटर्नवरून माल. धातू दोनदा आकसणार, म्हणून मास्टर दोनदा वाढवून करायचा. "नवा पोरगा हितंच फसतो," मिस्त्री म्हणायचे. "त्याला वाटतं मास्टर म्हणजे पॅटर्नच. एकदाच वाढवतो."

हे ऐकून मी मान डोलावली आणि विसरून गेले. माझं डोकं तेव्हा दुसरीकडे होतं. मी नुकतीच एक नवी भाषा शिकत होते. उल्हासनगरला आमच्या कॅम्पात, कापडाच्या दुकानाच्या वर एक क्लास होता. तिथल्या सरांनी मला एक जाड पुस्तक आणि चार फ्लॉपी दिल्या होत्या. या भाषेत प्रत्येक गोष्ट म्हणजे एक वस्तू. वस्तू घडते क्लासवरून. पंप हा क्लास असेल, तर त्याच्यावरून हवे तेवढे पंप घडवा, प्रत्येकाचं वजन वेगळं, नंबर वेगळा. मला हे फार आवडलं. केवलानी साहेबांच्या मागे लागून मी पॅटर्न शॉपचा हिशेब या भाषेत करायची परवानगी मिळवली. साहेब म्हणाले, "मॅडम, करो. पण चालला पाहिजे हां. ऊपर मैंने शब्द दिला आहे."

पुस्तकाच्या मध्यावर एक प्रकरण होतं, मेटाक्लास. क्लास हीसुद्धा एक वस्तूच आहे, मग ती कशावरून घडली? मेटाक्लासवरून. प्रत्येक क्लासचा स्वतःचा एकेक मेटाक्लास. आणि मेटाक्लास कशावरून? इथे बाणांची एक आकृती होती आणि तिच्यातले शेवटचे दोन बाण एकमेकांकडेच वळले होते. मी ते तीनदा वाचलं. मग स्वतःला सांगितलं की हे विद्वानांचे खेळ आहेत, आपल्याला कारखाना चालवायचा आहे. आणि ते प्रकरण सोडून पुढे गेले.

कारखान्याची अडचण साधी होती. पॅटर्न शॉपच्या माळ्यावर शेकडो पॅटर्न साठले होते. वापरून झिजलेला पॅटर्न माप चुकवतो, म्हणून ठराविक साचे काढून झाले की तो बाद करायचा आणि तोडून भट्टी पेटवायला द्यायचा. कोणता झिजलाय, हे प्रोग्रामनं सांगायचं. मी प्रत्येक पॅटर्नचा एक क्लास केला, सगळ्यांच्या वर 'पॅटर्न' नावाचा एक मोठा क्लास ठेवला, आणि साच्यांचा आकडा त्या वरच्या क्लासमध्ये सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवला. मग जुनी रजिस्टरं बसून भरली. माळ्यावरच्या पहिल्या फळीवरचे सात पॅटर्न घेतले आणि यादी छापली. प्रत्येक नावापुढे फक्त 'चालू' किंवा 'बाद' एवढंच यायचं.

सातच्या सात बाद आले.

इथे कुणालाही शंका यायला हवी होती. मला आनंद झाला. मी केवलानी साहेबांना म्हटलं, बघा, हे मिस्त्री लोक झिजलेलं लाकूड उराशी धरून बसतात, मशीनला माया नसते. हे वाक्य मी अगदी याच शब्दांत म्हटलं होतं. साहेबांनी यादीवर माझी सही घेतली आणि ती वर पाठवली. दळवी मिस्त्री त्या आठवड्यात गावी गेले होते, भावाच्या घराचं छप्पर बदलायला. ते परत आले तेव्हा पहिल्या फळीवरचे सातही भट्टीत गेले होते आणि दुसऱ्या फळीवरच्या बावीस पॅटर्नची यादी तयार होती. सगळे बाद. शनिवारी तोडायचे होते.

गुरुवारी सकाळी मिस्त्री माझ्या खोलीत आले. हातात हिरव्या रंगाचा एक लाकडी मास्टर होता, पंपाच्या कवचाचा. त्यांनी तो माझ्या टेबलावर उलटा ठेवला. तळाशी बोटाच्या पेराएवढी एक सपाट उंचवटलेली जागा होती आणि तिच्यावर पटाशीनं मारलेल्या दोन बारीक रेघा.

"मॅडम, ह्याच्यावर किती साचे निघाले म्हणतं तुमचं मशीन?"

मी बघितलं. चार हजारांच्या वर.

"हा मास्टर हाय. वाळूत दोनदाच गेलाय. दोन रेघा."

त्यांच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे मला जास्त भीती वाटली. मी घाईनं दुसरा पॅटर्न बघितला. तोच आकडा. तिसरा, तोच. बावीसच्या बावीस पॅटर्नचा एकच आकडा होता. सगळ्यांचे साचे एकाच जागी जमा होत गेले होते. आणि जळालेल्या सातांचंही तेच झालं होतं. मी काहीतरी बोलायला गेले, पण मिस्त्रींनी खुर्ची ओढली आणि बसले.

"आकडा ठेवलाय कुठं, तो दाखवा."

मी सांगत गेले आणि ते ऐकत गेले. इंग्रजी शब्द मराठीत करताना मला कळत होतं की अर्ध्या गोष्टी मला स्वतःलाच नीट माहीत नाहीत. जिथे मी अडखळायचे तिथेच ते थांबवायचे. थोड्या वेळानं ते उठून गेले आणि परत आले ते एक लोखंडी कवच आणि एक ॲल्युमिनियमचा पॅटर्न घेऊन. हिरव्या मास्टरच्या शेजारी त्यांनी ते ओळीत मांडले.

"हा माल. ह्याला वजन विचारा, सांगंल. पण 'तुझ्यासारखे किती निघाले' हे ह्याला विचारून उपेग नाय, ह्याला काय ठाव? ते हा सांगणार." त्यांनी ॲल्युमिनियमचा पॅटर्न उलटा केला. तळाशी तशीच सपाट जागा, तिच्यावर पंचानं मारलेल्या ओळीनं खुणा. शंभर साच्यांना एक खूण. "माझ्या शॉपमधी आकडा ज्याचा त्याच्या अंगावर असतो. तुम्ही काय केलंत, माळ्याच्या दारावर एकच पाटी टांगलीत. येणारा जाणारा तिच्यावरच रेघ मारतोय."

"मग प्रत्येक क्लासच्या अंगावर आकडा ठेवायचा," मी म्हटलं. "पण ठेवायचा कसा? क्लासमध्ये जागा केली तर ती मालाला मिळते. प्रत्येक कवचाला आकडा चिकटतो."

मिस्त्री पॅटर्नच्या तळावरची ती सपाट जागा अंगठ्यानं चोळत होते. "ही जागा ह्याला कुणी दिली?"

"तुम्ही."

"मी कधी दिली? हा ओतून आला तो जागा घेऊनच आला." त्यांनी हिरवा मास्टर माझ्या पुढ्यात सरकवला. "जागा ह्याच्यात कोरायची. मग पॅटर्नला मिळते. मालाला मिळत नाय."

मी उठून कपाटातून ते जाड पुस्तक काढलं, सोडलेलं प्रकरण उघडलं आणि त्यातल्या न कळलेल्या बाणांबद्दलही त्यांना बोलले. क्लासच्या अंगावर काही ठेवायचं असेल तर त्याची जागा मेटाक्लासमध्ये करायची, असं तिथे लिहिलेलं होतं. तीनदा वाचूनही मला न कळलेलं वाक्य. ते माझ्यासमोर टेबलावर होतं, हिरवा रंग दिलेलं. एवढंच नव्हे, माझा आणखी एक गोंधळही त्यांनी जाता जाता सोडवला. मी विचारलं, मग 'पॅटर्न' हा माझा वरचा क्लास आणि हा मास्टर, यांत फरक काय? म्हणाले, "लहान पंप, मोठा पंप, हे एका घराण्यातले. वरचा तो घराण्याचा मोठा. मास्टर घराण्यात नाय, तो घडवणारा. नातं वेगळं आणि घडवणं वेगळं." सातवी शिकलेल्या माणसानं मला हे सांगितलं आणि मग विचारलं की एसी थोडा कमी होईल का, सांधे दुखतात.

मी केवलानी साहेबांकडे गेले आणि सगळं सांगितलं. साहेबांनी टेबलावरचा पेपरवेट एकदा गोल फिरवला. "मशीन की गलती बोलून टाकू का?" त्यांनी विचारलं. माणूस चांगला होता, मला वाचवायला बघत होता. मी नाही म्हटलं. मशीननं सांगितलं तेवढंच केलं होतं. साहेबांनी फोन उचलला आणि शनिवारची तोडणी थांबवली. शुक्रवारी दुपारपर्यंत मी आकडा मेटाक्लासच्या बाजूला नेला, रजिस्टरं परत भरली आणि नवी यादी छापली. मिस्त्री प्रत्येक पॅटर्न उलटा करून खुणा मोजत होते, मी वाचत होते. बावीसपैकी तीन खरंच झिजलेले निघाले. ते तीन त्यांनी स्वतःच वेगळे काढले, एकावरही अंगठा न फिरवता.

मग मी जळालेल्या सातांची यादी काढली. एकही बाद नव्हता. ती यादी मी रजिस्टरखाली सरकवली, पण त्यांनी स्वतःच मागून घेतली, घडी घातली आणि खिशात ठेवली. मी म्हटलं, "मिस्त्री, मी..." ते म्हणाले, "ते बाण दाखवा. काल म्हणत होतात ते."

मी आकृती काढून दाखवली. माल क्लासवरून, क्लास मेटाक्लासवरून. सगळे मेटाक्लास ज्या एका क्लासवरून घडतात, त्याचाही एक मेटाक्लास, आणि तो परत त्याच क्लासवरून घडलेला. म्हणजे हा त्यानं केला आणि तो ह्यानं. मी म्हटलं, याला सुरुवातच नाही, हे कसं शक्य आहे?

त्यांनी मला पॅटर्न शॉपमध्ये नेलं आणि आपली पेटी उघडली. आत दोन लाकडी रंधे होते, हाताच्या घामानं काळपट झालेले. त्यांनी एक उचलला. "रंधा लाकडाचा. लाकूड तासायचं रंध्यानं. हा ह्या दुसऱ्यानं तासलाय." मग दुसरा उचलला. "ह्याचा तळ पावसात वाकला की मी ह्या पहिल्यानं सरळ करतो. पहिल्याचा वाकला की दुसऱ्यानं. तीस वर्षं असंच चाललंय."

"पण पहिला कुणी केला?"

"तुम्हाला घाई फार," ते हसून म्हणाले. "कामाला बसलं की पेटीत दोन असतात. दोन हायत म्हणून दोन्ही सरळ हायत. एकटा असता तर कधीच वाकून गेला असता."

पुढे मी मोठमोठ्या कंपन्यांत काम केलं, परदेशी शिकलेल्या लोकांची व्याख्यानं ऐकली. ते दोन बाण याहून चांगले समजावलेले मी ऐकलेले नाहीत. त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं की आपण हुशार नाही, आपण फक्त पुस्तकं वाचलेली आहेत. आणि हे वाटून वाईट वाटलं नाही, उलट बरं वाटलं.

पुढच्या दोन वर्षांत मिस्त्रींनी सातपैकी पाच पॅटर्न पुन्हा केले, रोजचं काम सांभाळून. उरलेले दोन मास्टर होते. त्यांच्यावरून ओतलेले ॲल्युमिनियमचे पॅटर्न शाबूत होते, त्यामुळे वरून मंजुरी आली नाही. पॅटर्न आहेत तर मास्टर हवेत कशाला, असं उत्तर आलं. मग ते निवृत्त झाले, मी ठाण्याला दुसरी नोकरी धरली, आणि काही वर्षांनी कारखान्याचं ओतकामच बंद झालं. माळा रिकामा झाला म्हणे. कुणी काय नेलं, ते मी विचारलं नाही.

एक दिवस त्यांचं पोस्टकार्ड आलं. पत्ता बदलापूरचा, सोनिवलीचा. 'एक माप बघायचे आहे, सवडीने येऊन जावे.'

मी रविवारी गेले. नव्या बांधलेल्या इमारतीतलं तळमजल्याचं घर, मागे शेत. मिस्त्री आणखी बारीक झाले होते. वहिनींनी चहा दिला आणि म्हणाल्या, "रिटायर झाल्यापासून गॅलरीत बसून हेच चाललंय. घरभर भुसा." गॅलरीत एक छोटा बाक होता आणि त्यावर दोन मास्टर ठेवले होते. हिरवा रंग अजून ओलसर वाटत होता. शेजारी त्यांच्या तिन्ही पट्ट्या.

"मोजा," मिस्त्री म्हणाले. ड्रॉइंगचा पिवळा पडलेला कागद त्यांनी माझ्यापुढे धरला. "ही बाजू बारा इंच पायजे."

मी कुठली पट्टी ते विचारलं नाही. तिसरी उचलली, मास्टरची, दोनदा वाढवलेली. बरोबर बारा इंच भरली. त्यांनी मान हलवली. मी मास्टर उलटा केला. तळाशी खुणेची जागा कोरलेली होती, गुळगुळीत, आणि तिच्यावर एकही रेघ नव्हती.

"मिस्त्री, आता ह्याच्यावरून कोण ओतणार?"

"कोण नाय. पण सात गेले होते, सात परत आले." त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला कागद काढला. माझी ती यादी, घड्यांवर विरलेली. पाच नावांपुढे पेन्सिलीची खूण होती.

इतकी वर्षं न बोललेलं मी शेवटी बोलले. "ते सात माझ्यामुळे गेले, मिस्त्री. सही माझी होती."

"म्हायती हाय," ते म्हणाले. "म्हणून तर मोजायला तुम्हालाच बोलावलं."

त्यांनी कानामागची पेन्सिल काढून सहाव्या नावापुढे खूण केली, दुसरा मास्टर माझ्यासमोर ठेवला आणि त्याच्या कडेवर अंगठा टेकवून माझ्या हाताकडे बघत थांबले.